उसळणारा रबरी मेडिसिन बॉल: दंडांसाठी चांगला, पण उसळी ओळखून घ्या

हातांची ताकद आणि नजर-हाताचा मेळ हे दोन्ही एकाच साधनाने वाढवायचं असेल, तर बाहेरून खरखरीत असलेला, उसळी घेणारा रबरी मेडिसिन बॉल (व्यायामासाठीचा वजनदार चेंडू) घ्यावा. वाळू भरलेला स्लॅम बॉल जमिनीवर आपटला की तिथेच बसतो. आपटण्यासाठी तो उत्तम, पण झेलण्याचा सराव त्यावर होत नाही. मोठा, मऊ आवरणाचा वॉल बॉल बोटांना सुखाचा असतो, पण साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाचा असल्यामुळे तो कवेत घ्यावा लागतो आणि पंजे व बोटांना फारसं काम उरत नाही. २ किलोचा रबरी बॉल साधारण २० सेंटीमीटरचा असतो. तो दोन्ही पंजांत नीट मावतो आणि भिंतीवरून झटकन परत येतो, त्यामुळे हात वेळेवर पुढे न्यावेच लागतात. त्याची खरी किंमत या परत येण्यात आहे, आणि दुखापती होतात त्याही तिथेच.

वजन निवडताना बहुतेकांची चूक होते. डंबेल ५ किलोचं उचलतो म्हणून बॉलही ५ किलोचा, हा हिशोब इथे लागू पडत नाही. डंबेल हातातच असतं. बॉल मात्र वेगाने अंगावर येतो आणि तो वेग मनगट, कोपर, खांदा यांना थांबवावा लागतो. नवख्याने १ किलोपासून सुरुवात करावी, थोडा व्यायाम असलेल्याने २ किलो घ्यावा. सलग १० झेल आवाज न होता, कोपर न लटपटता घेता आले तर वजन बरोबर आहे. सहाव्या-सातव्या झेलाला बॉल छातीवर आदळू लागला तर तो जड आहे, मग दंड कितीही भरलेले असोत.

घेण्याआधी बॉल सपाट फरशीवर हळूच लोटून पाहा. सरळ न जाता डुलत किंवा वळत गेला तर आतलं वजन एका बाजूला आहे, आणि असा बॉल भिंतीवरून कुठे वळेल याचा नेम राहत नाही. हवा भरायचा वॉल्व्ह पृष्ठभागाच्या वर आलेला नको, झेलताना बोट खरचटतं. रबराचा जोड अंगठ्याने दाबून पाहावा, तिथे भेग नको. छापलेल्या वजनावर विसंबू नका, काट्यावर ठेवून बघा. हवा भरायच्या बॉलमध्ये ती गच्च भरली की बॉल टणक होतो आणि अपेक्षेपेक्षा लवकर परत येतो. अंगठ्याने जोरात दाबल्यावर किंचित आत जाईल इतकी हवा पुरे.

आता मुख्य व्यायाम, छातीपासूनची फेक. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. पोकळ पार्टिशन, काच किंवा टाइल्स चालणार नाहीत. भिंतीपासून सुमारे १ मीटरवर उभं राहा, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे थोडे सैल. पंजे बॉलच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, अंगठे वर. कोपरं बाजूला पंखासारखी उघडू नका, खाली ठेवा. उघडी राहिली की खांद्याच्या पुढच्या भागावर नको तो ताण येतो. श्वास सोडत बॉल छातीच्या उंचीवर सरळ ढकला. बॉल सुटला की हात पुढेच राहू द्या, कोपरं मात्र ताठ करू नका.

झेल हा या व्यायामाचा अर्धा भाग आहे आणि दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. तळवे बॉलकडे, बोटं पसरलेली आणि वरच्या दिशेला हवीत. बॉलच्या दिशेने रोखलेली बोटं सर्वांत धोक्याची. टोकावर फटका बसला तर बोटाचं शेवटचं पेर सरळ करणारा स्नायुबंध तुटू शकतो. मग ते पेर खाली लोंबतं आणि कित्येक आठवडे पट्टी बांधून ठेवावी लागते. बॉल पंजांना लागताच त्याच्यासोबत हात छातीकडे येऊ द्या. बॉल अडवायचा नाही, त्याचा वेग हळूहळू जिरवायचा. या क्षणी दंडाच्या मागचा ट्रायसेप्स ताणला जात असतो, आणि पुढच्या फेकीत तोच आकसून जोर लावतो. ताकद वाढते ती या अदलाबदलीने.

८ ते १० फेकींचे २ किंवा ३ सेट, मध्ये किमान १ मिनिट विश्रांती, आठवड्यातून २-३ दिवस, लागोपाठ नाही. आधी ५ मिनिटं खांदे आणि मनगटं फिरवून अंग गरम करा. हात जळजळतात म्हणून नव्हे, तर झेलायला उशीर होऊ लागला की थांबा. थकल्यावर आधी वेळ चुकते, ताकद नंतर संपते.

समन्वयासाठी १ किलोचा बॉल एका हातातून दुसऱ्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान करून टाका. नजर बॉलच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ठेवावी. हातांकडे पाहिलं की झेल सुटतोच. बॉल सुटला तर सुटू द्या, वाकून पकडायला धावू नका; कंबर तिथेच लचकते. पायात बंद बूट हवेत.

या बॉलने एक गोष्ट अजिबात करू नका: डोक्यावरून जमिनीवर आपटणं. तो सरळ तोंडावर उसळतो.

खांदा निखळण्याचा इतिहास, ताजी शस्त्रक्रिया, टेनिस एल्बो, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हाडांची ठिसूळता असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. व्यायाम करताना खांद्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी पुढचा सेट नको.

नव्या बॉलला रबराचा उग्र वास येतो, तो उघड्यावर ठेवल्याने कमी होतो. घाम आणि धूळ बसली की खरखरीतपणा असूनही पकड निसटते, म्हणून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. तेलकट पॉलिश लावू नका. उन्हात ठेवल्यास रबराला बारीक भेगा पडतात. जोडाशी भेग दिसली, तर तो बॉल भिंतीवर मारणं बंद करा.