आईच्या साखरेची साक्ष

माझं नाशिक रोडला मेडिकलचं दुकान आहे. बावीस वर्षं काउंटरच्या आत उभा आहे. कुठलं इन्सुलिन किती तास चालतं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून ‘अडाणी माणसं, फसणारच’ असं म्हणायची कुणी घाई करणार नाही.

आम्ही ख्रिस्ती, चौथी पिढी. पणजोबा नाशिकच्याच शरणपूरच्या मिशनमध्ये सुतारकाम शिकले. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं जिथे शिकली, ज्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत वारलेल्या संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर थेट इंग्लंडला पोहोचला, ते शरणपूर. घरात या गोष्टीचा फार तोरा. दुसऱ्यांच्या बुवा-महाराजांना हसण्यात आमचं बालपण गेलं. आपल्यातही बुवा असू शकतो, फक्त तो कोट घालून येतो, हे ध्यानात यायला पन्नाशी उजाडावी लागली.

आईला चौदा वर्षं साखर. दोन वेळा गोळी, रात्री झोपताना इन्सुलिन. तळपायांची आग व्हायची, मग हळूहळू ती आगही गेली आणि पाय बधिर झाले. मला कंबरदुखी, दिवसभर उभं राहण्याची. मावशी आमची एका पेंटेकॉस्टल मंडळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या चमत्कारांवर भर देणाऱ्या चर्चमध्ये जाते. जीव लावणारी बाई. तिने सांगितलं, बाहेरगावचे एक ब्रदर येताहेत, तीन दिवस उपवास-प्रार्थना आणि संध्याकाळी चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, ताईला घेऊन ये. गेलो.

हायवेकडेला लग्नाचं लॉन्स असतं ना, तसंच एक. नाशिकची जानेवारीतली थंडी, प्लास्टिकच्या खुर्च्या, की-बोर्डवर एकच सूर धरून ठेवलेला. फाटकावर स्वयंसेवक मुली फॉर्म भरून घेत होत्या : नाव, राहणार कुठे, काम काय, आजार कोणता, किती वर्षं, औषध चालू आहे का, घरात कुणासाठी प्रार्थना हवी. मी सवयीने सुवाच्य अक्षरात सगळं भरलं. आईच्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी गप्पा मारता मारता उरलेलंही काढून घेतलं.

तासाभराने ब्रदर स्टेजवरून डोळे मिटून म्हणाले, ‘इथे एक भाऊ आहे, औषधांशी त्याचा संबंध आहे, त्याची कंबर उजवीकडून धरते.’ माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून पाणी आलं. तासापूर्वी मीच लिहून दिलेला कागद मला आठवला नाही. माणूस असाच असतो. देव आपल्याला नावानिशी ओळखतो, हे ऐकायला तो आसुसलेला असतो.

मला वर बोलावून खुर्चीवर बसवलं, पाय सरळ समोर. ब्रदरनी माझ्या दोन्ही बुटांच्या टाचा एका तळहातावर घेतल्या आणि कॅमेऱ्याला दाखवलं : डावा पाय उजव्यापेक्षा चांगला इंचभर आखूड. ‘कंबरदुखीचं मूळ हे.’ मग येशूच्या नावाने आज्ञा केली आणि माझ्या डोळ्यांदेखत डावा पाय वाढला. बरोबरीला आला. लोक ओरडले. मी त्या रात्री कंबर न धरता चाललो. दानपेटीत रोख एकवीस हजार टाकले. ‘बी पेरणं’ म्हणतात त्याला, पावती नसते.

ती युक्ती मला दोन महिन्यांनी उलगडली, तीही मुलाच्या शाळेच्या बुटांमुळे. खुर्चीत माणूस जरा तिरका बसलेला असला की एक पाय आपोआप मागे राहतो. उरलेलं काम बुटाचं. एका बुटाची टाच अलगद खाली ओढली की पाय आतच राहतो आणि बूट पुढे सरकतो, म्हणजे तो पाय लांब दिसतो, दुसरा आखूड. प्रार्थना म्हणता म्हणता तो बूट परत टाचेवर बसवायचा. बघणाऱ्याला वाटतं आखूड पाय वाढला. खरं तर लांब बूट मागे गेलेला असतो. मी हे मुलावर, पुतण्यावर आणि शेवटी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांवर करून बघितलं. तिघांचेही पाय वाढले. कंबर मात्र चौथ्याच दिवशी पहिल्यासारखी धरली होती. गर्दीत, गाण्यात, उत्साहाच्या भरात दुखणं काही तास दबतं, एवढंच.

फॉर्मची गोष्टही नवी नाही. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक असाच लोकांची नावं-पत्ते-आजार देवाकडून कळल्यासारखे सांगायचा. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराच्या माणसांनी रेडिओ स्कॅनर लावून पकडलं : पॉपॉफच्या कानात छोटं यंत्र, आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याची बायको लोकांनी भरलेली कार्डं वाचून दाखवत होती. पुढच्या वर्षी त्याने दिवाळं जाहीर केलं. नंतर तो पुन्हा टीव्हीवर आला, ते वेगळंच. आमच्या ब्रदरच्या कानात काही होतं की नाही ते मी पाहिलं नाही. स्टेजवर माझं लक्ष माझ्या पायांकडे होतं.

माझे एकवीस हजार गेले, त्याचं दुःख नाही. आईचं सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजवर ग्लुकोमीटर आणलं. आईच्या बोटाला टोचलं, आकडा पडद्यावर मोठा करून दाखवला : ११८. आमच्या घरच्या वहीत एकशे ऐंशीच्या खाली आकडा क्वचित. आई थरथरत माइकवर म्हणाली, ‘चौदा वर्षांनी प्रभूने मला मोकळं केलं.’ सगळं लॉन्स उभं राहिलं. मी सगळ्यात मोठ्याने हालेलुया म्हणालो.

आता काउंटरच्या आतला माणूस म्हणून सांगतो. आदल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा उपवास, पोटात लिंबूपाण्याशिवाय काही नाही. आदल्या रात्री इन्सुलिन घेतलेलं, ते चोवीस तास काम करणारं. साखर ११८ येणार नाही तर काय? उलट तिची साखर फार उतरून ती तिथेच कोसळेल, ही भीती मला वाटायला हवी होती. एखाद्या गिऱ्हाइकाने ही हकीकत सांगितली असती तर मी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं.

‘औषध सोडा’ असं ब्रदर कधीच म्हणाले नाहीत. हे नीट लक्षात ठेवा, इथेच सगळी मेख आहे. ते म्हणाले, ‘मिळालेलं आरोग्य धरून ठेवा. तोंडाने आजार कबूल केलात तर तो परत येतो.’ आई तेवढ्यावरून जे समजायचं ते समजली. त्या रात्री तिने इन्सुलिनला हात लावला नाही. मीटर कपाटात गेलं, कारण बोट टोचणं म्हणजे अविश्वास. सकाळ-संध्याकाळ ‘अभिषिक्त तेल’ कपाळाला आणि पायांना, साठ मिलीची बाटली पाचशे रुपये. मी पाच आठवडे गप्प बसलो. साक्ष दिली होती ना सगळ्यांसमोर. आता माघार घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं.

मग एका सकाळी पांढऱ्या फरशीवर मोरीपासून देवडीपर्यंत लाल ठिपके दिसले, एका अंतरावर एक. आई चहा गाळत होती, तिला पत्ताच नव्हता. चपलेत खडी अडकली होती, आदल्या दिवसापासून ती तिच्यावरच चालत होती. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या. मीटर काढलं. ४८६. दवाखान्यात एकोणीस दिवस काढले, उजव्या पायाची दोन बोटं गेली.

मी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘ब्रदर, तुमच्या घरात कुणी आखान आहे का?’ बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातला आखान, ज्याने लुटीतला माल तंबूत पुरून ठेवला आणि साऱ्या इस्राएलाचा पराभव झाला. म्हणजे घरात कुणीतरी शंका घेतली म्हणून आईचा पाय सडला. आणि मी काय केलं असेल? मी रात्रभर विचार करत बसलो की तो आखान मीच का. जखम आईच्या पायाला, डाग माझ्यावर. चमत्कार झाला तर श्रेय त्यांचं, नाही झाला तर पाप आपलं. या धंद्यात तोटा कधी होतच नाही.

पाळकसाहेब दवाखान्यात यायचे. ते वॉर्डातल्या स्टुलावर बसायचे, मावशी खाटेच्या पायथ्याशी, आणि आईला झोप लागली की दोघांची हलक्या आवाजात जुंपायची. पाळकसाहेब म्हणायचे, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी. वडील घरी येतात, आजाऱ्याला स्टेजवर नेत नाहीत. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारीच सोडलं. आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, ‘विश्वास वाढव’ नाही सांगितलं. पौलाच्या स्वतःच्या देहातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता.

मावशी ऐकून घेणारी नव्हे. ‘मग १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोरींवर पवित्र आत्मा उतरला तो खोटा? तेव्हा तर अमेरिकेतलं अझुसा स्ट्रीटचं पेंटेकॉस्टल जागरण सुरूही नव्हतं झालं, ते पुढच्या वर्षीचं.’ हे खरंच आहे, आणि आमच्या लोकांना याचा अभिमानही आहे. पाळकसाहेब म्हणाले, ‘खोटा कोण म्हणतं? वॉरफिल्डसारखे अमेरिकन धर्मपंडित १९१८ मध्येच लिहून गेले की चमत्काराची दानं येशूच्या प्रेषितांबरोबर संपली. मी तेवढं टोक गाठत नाही. देव बरं करतो. पण १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. तिथे काय, रमाबाईंचा विश्वास कमी पडला म्हणायचं?’

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आईचं पांघरूण सारखं केलं. एकोणीसपैकी अकरा रात्री तीच जागली, हेही लिहिलं पाहिजे.

माझी बायको कॅथलिक घरातली. तिचं म्हणणं सरळ : फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थस्थानी १८५८ पासून हजारो लोकांनी बरं झाल्याचे दावे केले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. डॉक्टर जुने रिपोर्ट मागतात, वर्षानुवर्षं थांबतात. रोमने २००० साली लेखी सूचनाच काढली की आरोग्यासाठीच्या प्रार्थनेत उन्माद नको, नाटकीपणा नको. ‘तुमच्या ब्रदरने थांबायचं किती, तर टाळ्या संपेपर्यंत,’ ती म्हणाली. मला लागलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

तक्रारीचं विचाराल तर उशिरा केली. डी. फार्मला आम्हाला १९५४ चा जादूई उपायांच्या जाहिरातींचा कायदा शिकवलेला असतो. मधुमेह त्याच्या यादीत आहे, तो बरा करतो अशी जाहिरात करताच येत नाही. मी परीक्षेत त्यावर मार्क मिळवलेत आणि तेलाची बाटलीही विकत घेतली. शिवाय आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याने प्रार्थनेला हात लावलेला नाही, पण चमत्काराचा देखावा करून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेला असतो. माझ्याकडे पावती नव्हती, फॉर्मची प्रत नव्हती. होता तो तेलाच्या बाटलीवरचा कागद आणि दवाखान्याची फाइल. तेवढ्यावर अर्ज दिलाय. तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर निदान फॉर्मचा फोटो काढून ठेवा. आणि स्टेजवर कुणी आकडा दाखवला तर तोच आकडा उपवास सुटल्यावर आठवड्याने दाखवा म्हणावं.

आमच्यातलेच काहीजण म्हणाले, बाहेर बोलू नकोस. दिवस वाईट आहेत, घरगुती प्रार्थनेवरही लोक चाल करून येतात, त्यांच्या हाती आयतं कोलीत कशाला? ही भीती खोटी नाही, मलाही वाटते. पण कोड बरं झालेल्या नामान सेनापतीकडून अलीशा संदेष्ट्याने दमडी घेतली नाही, आणि नामानाच्या मागे धावत जाऊन चांदी घेणाऱ्या अलीशाच्या चाकराची, गेहजीची, गोष्ट शास्त्राने लपवली नाही. आपणच का लपवायची?

शिवाय लपवून लपत नाही. आईच्या साक्षीचा व्हिडिओ अजून फिरतोय. काढून टाका म्हणून चार वेळा फोन केले, आता नंबर लागत नाही. मागच्या पंधरवड्यात देवळाली कॅम्पकडच्या एक बाई दुकानात आल्या. पिशवीतून इन्सुलिन पेनांची दोन खोकी काढून काउंटरवर ठेवली. ‘सील फोडलेलं नाही, परत घेता का? यजमानांना आता लागणार नाही.’ का लागणार नाही, विचारलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर ११८, माइक धरलेली माझी आई, आणि मागे तोंड उघडून ओरडणारा मी. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

दुकानाच्या मागेच घर आहे. मी आईला हाक मारली. ती काठी टेकत आली, स्टुलावर बसली, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग वाकून उजव्या पायातला मोजा काढला.

बाईंनी खोकी उचलून पिशवीत ठेवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘घरी पोहोचेपर्यंत गरम व्हायला नको. बर्फ मिळेल का थोडा?’