यादी दाखवली, फाइली रिकाम्या निघाल्या

हार्ड डिस्कमधून ठरावीक तालात टक्-टक् आवाज येऊ लागला, तेव्हा तिच्यात नऊ वर्षांचे फोटो होते आणि शेवटच्या आजारपणात रेकॉर्ड केलेलं बाबांचं बोलणं. दुसरी प्रत नव्हती. त्या घालमेलीत मी फसलो.

डेटा काढून देणारा म्हणाला, "चेकिंग फुकट. डेटा नाही, तर पैसे नाहीत." त्याने दिलेल्या पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर नव्हता, मीही लिहून मागितला नाही. दोन दिवस फोनवर "स्कॅन चालू आहे" एवढंच ऐकलं. मग बोलावून त्याने स्क्रीनवर माझे फोल्डर दाखवले. एकेक नाव ओळखीचं. बाबांच्या नावाचा फोल्डर दिसला आणि डोळे भरून आले. एखादी फाइल उघडून दाखवा म्हटलं, तर "आधी पेमेंट, मग कॉपी." मी सगळे पैसे भरले.

घरी येऊन पाहतो तर नावं बरोबर, तारखा बरोबर, साइजही बरोबर, पण एकही फाइल उघडेना. फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फोटो उघडला. जेपेग फाइलची सुरुवात एफएफ डी८ या दोन बाइटनी होते. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. फाइलचं नाव, तारीख, साइज डिस्कवर वेगळ्या तक्त्यात नोंदलेलं असतं. तेवढा तक्ता वाचता आला की यादी तयार होते, आतलं काही हाती लागलेलं नसलं तरी. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. जाब विचारल्यावर म्हणाला, "फाइली आधीपासूनच करप्ट होत्या." म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी फाइली तुम्ही निवडा, मोठ्या निवडा आणि समोर उघडून बघा. व्हिडिओ असेल तर मधूनही चालवून बघा.

नंतर डिस्क दुसऱ्या लॅबमध्ये नेली. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, सील फाटलेलं. त्यांनी क्लीन बेंचवर, म्हणजे धूळविरहित हवेच्या टेबलावर, झाकण काढून मला आत दाखवलं: आरशासारख्या प्लॅटरवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चकतीवर, अंगठ्याचा ठसा आणि कडेजवळ गोल चरा. डिस्क फिरताना डेटा वाचणारं हेड प्लॅटरपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे बोटाचा तेलकटपणाही जाड ठरतो. आणि माझी डिस्क आधी साध्या टेबलावर उघडली गेली होती. तिथल्या इंजिनिअरच्या मते टक्-टक् ऐकताच वीज बंद करायला हवी होती. हेड अजून वाचू शकत असेल तर आधी सेक्टर-सेक्टर क्लोन, म्हणजे पूर्ण डिस्कची तुकड्या-तुकड्याने हुबेहूब प्रत, काढायचा आणि पुढचं सगळं काम क्लोनवर करायचं. मरणाऱ्या डिस्कवर दोन दिवस थेट स्कॅन लावणं म्हणजे उरलंसुरलं घासून काढणं.

शाबूत बाजूंवरून थोडे फोटो निघाले. बाबांच्या आवाजाचा एक सेकंदही नाही.