एसएफपी ठेवायचे कशात? सुट्या डबीत की ट्रेमध्ये?

एसएफपी म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये खोचायचं, केबल जोडायचं छोटं मॉड्यूल. नवीन मॉड्यूल येतं ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे क्लॅमशेलमध्ये. बहुतेक जण स्पेअर त्याच डबीत राहू देतात. दुसरा पर्याय खाचांचा, झाकणवाला अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा, ट्रे. दोन्ही वापरून झालेत. हिंजवडीतल्या आमच्या सर्व्हर रूममध्ये सध्या ट्रे आहे.

डबीची सोय नाकारता येणार नाही. खराडीच्या साइटवर दोन मॉड्यूल न्यायची? दोन डब्या बॅगेत टाका आणि निघा. वॉरंटीत परत पाठवतानाही तीच कामी येते. ट्रेमधून सुटं नेताना मात्र चंदेरी शील्डिंगचं पाकीट शोधावं लागतं. गुलाबी पाकिटावर भागवू नका. ते स्वतः चार्ज धरत नाही इतकंच, बाहेरचा झटका अडवत नाही.

डबीला मी कंटाळलो तो लेबलापायी. लेबल मॉड्यूलच्या अंगावर, बारीक अक्षरात, आणि डबीत ते हटकून खाली तोंड करून बसलेलं. मॉड्यूल ओढून काढायची कडी काळी असेल तर प्रकाशाची तरंगलांबी सहसा ८५० नॅनोमीटर, निळी असेल तर १३१०, इथवर ठीक. पण निळ्या कडीवरून वेग एक जी (गिगाबिट) की दहा जी हे कळत नाही. एक जीचं एसएफपी आणि दहा जीचं एसएफपी प्लस दिसायला जुळी भावंडं. मग उघडा डबी. ती खटकन उघडते, मॉड्यूल उसळतं, सावरताना बोटं नेमकी सोनेरी पट्ट्यांवर पडतात आणि धूळटोपी रॅकखाली जाते. सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, तिथे धुळीचा एक कणही भारी. एक हवं असतं आणि हाताळली जातात पाच.

ट्रेमध्ये लेबल वर करून ठेवलं की हात हव्या त्यालाच लागतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. तुमच्याकडे सगळी एकाच जातीची असतील तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

ट्रेलाही खोडी आहेत. झाकण उघडलं की सगळीच उघडी पडतात, म्हणून आधी मनगटाचा पट्टा रॅकच्या अर्थिंगला. पुण्यात फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. आपल्याला झटका जाणवतो साधारण ३००० व्होल्टला. मॉड्यूल बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. तपकीर गल्लीतला साधा खणांचा डबा स्वस्त पडतो, पण ते प्लॅस्टिक अँटिस्टॅटिक नसतं, त्या वाटेला जाऊ नका. दहा जीचं कॉपर मॉड्यूल काढल्या काढल्या चांगलंच तापलेलं असतं, ते निवल्यावरच खाचेत ठेवा.

चार-पाचच स्पेअर असतील तर डबी पुरे, फक्त बाहेरून ठळक लेबल चिकटवा. क्यूएसएफपी (जास्त वेगाचा प्रकार) अंगानं मोठे, एसएफपीच्या खाचेत बसत नाहीत. ते मीही अजून डबीतच ठेवतो.