टेफ-जेल आणि नायलॉन वायसर: अल्युमिनियममध्ये एसएस (स्टेनलेस स्टील) बोल्ट बसवणाऱ्यांनी वाचा

टेफ-जेलची ही ट्यूब आधी घेतली असती तर माझा एक ब्रॅकेट वाचला असता. शेडच्या अल्युमिनियम ब्रॅकेटमध्ये एसएसचे बोल्ट कोरडेच आवळले होते, काही वर्षांनी उघडायला गेलो तर पाना फिरेना, डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली, रंगाखाली फुगे आलेले, जोर लावला तसं डोकंच तुटून हातात आलं. आणि बोल्ट बघावा तर चकचकीत! ओल आली की या दोन धातूंची बॅटरीच होते हो, त्यात एसएस शाबूत राहतं आणि अल्युमिनियम खाल्लं जातं, खारी हवा असेल तर फारच लवकर. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून आट्यांमध्ये ठासून बसते.

नवीन ब्रॅकेटला टेफ-जेल लावलं. टेफ्लॉनची पांढरी घट्ट पेस्ट आहे, वाळत नाही. आट्यांना तर लावायचीच पण डोक्याखाली आणि भोकाच्या आतून पण लावायची, नुसती टोकाला टिकली लावून काही होत नाही कारण पाणी वरूनच शिरतं. डोक्याखाली नायलॉनचं वायसर घातलं. दोन वर्षांनी परवा मुद्दाम एक बोल्ट काढून बघितला, पान्याने अर्धा फेरा आणि पुढे चक्क बोटांनी निघाला, आटे स्वच्छ, पेस्ट अजून मऊ. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

फक्त आवळताना हात जरा हलका ठेवा, पेस्टमुळे बोल्ट सरसर फिरतो आणि नेहमीचा जोर लावला तर अल्युमिनियमचे आटे जातात. अर्थिंगच्या जोडावर नायलॉन वायसर अजिबात नको, तिथे करंट जायलाच पाहिजे. तांब्याची भुकटी घातलेलं ग्रीस मिळतं ते पण इथे वापरू नका, तांबं अल्युमिनियमला अजून वाईट. ३१६ चा (जास्त गंजरोधक एसएसचा) बोल्ट घेतला की झालं असं बरेच जण म्हणतात, पण त्याने बोल्ट टिकतो, अल्युमिनियमला त्याचा काही फायदा नाही.

आणि ज्यांचे आधीच जाम झालेत त्यांनी माझ्यासारखा जोर लावू नका, बोल्टभोवतीचं अल्युमिनियम हीट गनने तापवा, ते एसएसपेक्षा जास्त प्रसरण पावतं त्यामुळे पकड सुटते, मग पाना हळूहळू मागेपुढे करत काढा.