नौपाड्यातलं वाचनालय आणि मुलांची वाचनस्पर्धा

नातवाच्या शाळेने यंदा संघांची वाचनस्पर्धा नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयाकडे सोपवली. पाच मुलांचा संघ, पंधरा पुस्तकं, आपसांत वाटून वाचायची. प्रश्न साधारण असे: ‘कोणत्या गोष्टीत मुलगी बसच्या टपावर शेळी चढवते?’ पुस्तक आणि लेखक, दोन्ही सांगितले तरच पूर्ण गुण. प्रश्नोत्तरांची गाइडं इथे कामाची नाहीत, हे मला फार आवडलं.

नातू एरवी मोबाइल सोडत नाही. पण आपल्या वाट्याची तीन पुस्तकं राहिली तर मित्र काय म्हणतील, या धाकाने जेवतानाही वाचत होता. सूनबाई ओरडली, मी नाही.

काउंटरवरच्या ताई हुशार. हळू वाचणाऱ्याला मोठ्या टाइपाचं पुस्तक आपणहून काढून देतात. प्रती मात्र दोनच, त्यामुळे मुलांच्या आयांची पुस्तकासाठी रांग. यादीत विनोदी फार कमी, आणि रविवारी बंद! नोकरी करणाऱ्यांनी यायचं कधी?

अंतिम फेरी 15 ऑक्टोबरला, म्हणजे कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनी आहे. पाचपैकी चार तारे. प्रती वाढवल्या की पाचवा देईन.