आंजर्ल्याच्या खाडीतील पक्षीनिरीक्षण सहल: कुरव शिकावेत ते इथेच

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील हर्णै-आंजर्ले परिसरात हिवाळ्यात पक्षीनिरीक्षणाच्या सहली नेणाऱ्या एका स्थानिक गटासोबत मी फेब्रुवारीत किनारा आणि खाडी पाहिली. ज्यांना पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवण्यापेक्षा पक्षी ओळखायला शिकायचे आहे, त्यांनी ही सहल अवश्य करावी. मात्र तिच्या उत्तरार्धाची आखणी आयोजकांनी बदलायला हवी.

कुरवांच्या (सीगल पक्ष्यांच्या) थव्यासमोर आमच्या मार्गदर्शकाने घाई केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन्ही कुरव हिवाळ्यात डोक्यावरची गडद टोपी गमावतात, डोळ्यामागे एक ठिपका तेवढा उरतो आणि नवखा निरीक्षक तिथेच अडतो. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोळे फिकट असतात व पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे डाग असतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोळे गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी असते, हे त्याने स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून प्रत्येकाला स्वतः पाहायला लावले. पहिला मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो; दुसरा युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेला असून लंडनच्या बागांतील तळ्यांवरही दिसतो. हे दोघे आंजर्ल्याच्या एकाच वाळूवर शेजारी उभे असतात, याचे मला अजून अप्रूप वाटते. पलासचा धिप्पाड कुरव मात्र पिवळ्या चोचीवरच्या काळ्या पट्ट्यामुळे आणि नव्याने काळवंडू लागलेल्या डोक्यामुळे चटकन ओळखता आला. गडद पाठीच्या मोठ्या कुरवांबाबत तज्ज्ञांतच मतभेद असल्याने मार्गदर्शकाने ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नेमकी जात नोंदवण्याचा आग्रह धरला नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

वाळूवरच्या चिखल्यांना (किनाऱ्यावर वावरणाऱ्या छोट्या पक्ष्यांना) सहलीत तुलनेने कमी वेळ मिळाला. २०२३ मध्ये ई-बर्डने छोट्या वाळू-चिखल्याची सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभागणी केली असून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः तिबेटी जात येते, पण सहलीत वाटलेल्या छापील यादीत अजून जुनेच नाव आहे. ते सुधारणे अवघड नाही.

उत्तरार्धातील होडीची फेरी मात्र मला खटकली. भरतीमुळे उरलेल्या अरुंद वाळूवर चिखले आणि तुतवार हे किनारी पक्षी विसावले असताना, छायाचित्रांसाठी होडी इतकी जवळ नेण्यात आली की सगळा थवा उडाला. हे पक्षी थोड्याच आठवड्यांत हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाला निघतात, त्यासाठी अंगात चरबी साठवत असतात, आणि असे प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून खर्च होते. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधीच स्पष्ट सूचना द्यावी, इंजिन दुरूनच बंद करावे आणि ज्यांना जवळचे छायाचित्र हवे आहे त्यांनी मोठी लेन्स आणावी. कांदळवनाच्या कडेने होडी हळू नेली तेव्हा खंड्या आणि किनारी बगळे निवांत पाहता आले, म्हणजे संयम ठेवला तर हीच फेरी उत्तम होऊ शकते.

सहल ठरलेल्या घड्याळाने निघते, हीदेखील उणीवच आहे. सुकतीला पक्षी दूरवरच्या चिखलात पांगतात, तर भरती निम्म्यावर आली की पाणीच त्यांना किनाऱ्याकडे आणते, तेव्हा होडीची गरजही उरत नाही. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, आयोजकांना वेळ बदलून मागावी आणि ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) स्वतःची दुर्बीण सोबत न्यावी, कारण गटाकडच्या दुर्बिणी सर्वांना पुरत नाहीत.