१:६४, १:४३ की १:१८? गाड्या जमवायला बसण्याआधी

मोटारींच्या छोट्या प्रतिकृती जमवताना कुठल्या गाड्या घ्यायच्या हे हळूहळू ठरलं तरी चालतं. स्केल, म्हणजे खऱ्या मोटारीच्या कितव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती, हे मात्र लवकर ठरलेलं बरं. साडेचार मीटर लांबीची मोटार १:६४ मध्ये सात सेंटीमीटरची होते, १:४३ मध्ये साडेदहाची आणि १:१८ मध्ये पंचवीसची. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही वाढते, त्यामुळे १:१८ची एक गाडी जेवढी जागा खाते तेवढ्यात १:६४च्या पंचेचाळीस बसतात. (हे गणित मी दुसरं कपाट भरल्यावर केलं.)

१:६४ म्हणजे मुठीत मावणारी गाडी. आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात इथूनच झालेली असते. काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायची परवानगी होती, म्हणून लंडनच्या लेझनी कंपनीतल्या जॅक ओडेल यांनी मुलीसाठी इवलासा रोड रोलर बनवला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स हा खेळण्यातल्या गाड्यांचा ब्रँड निघाला. १९६८ साली हॉट व्हील्स सोळा गाड्या घेऊन बाजारात उतरलं आणि मुलांना शर्यतीसाठी सुसाट पळणारी चाकं मिळाली. या आकारातली खरी मजा शोधण्यात आहे. दुकानात आकड्यावर टांगलेली पाकिटं एकेक करून मागे सारायची आणि तळाशी हवी ती सापडली की कुणी बघत नाही ना म्हणून उगाच इकडेतिकडे बघायचं.

पण स्वस्तातल्या गाड्यांच्या स्केलवर फार विसंबू नका. पाकीट ठरलेल्या मापाचं, म्हणून ट्रकही सात सेंटीमीटरचा आणि टीचभर मोटारही सात सेंटीमीटरची. दोन्ही शेजारी ठेवल्या की डोळ्याला खुपतं. पुढचे दिवे बहुधा रंगाने छापलेले असतात आणि कधी कधी ती छपाई केसभर सरकून गाडी चकणी दिसते. मिनी जीटीसारखे उत्पादक आता याच आकारात स्केल नीट पाळतात, वेगळे आरसे लावतात; त्या गाड्या मात्र मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत.

१:१८ घेणाऱ्याला हवं असतं ते आत डोकावणं. दार उघडतं, बॉनेट उचललं की इंजिन दिसतं, स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं वळतात. पहिला आठवडा आपण पुन्हा लहान होतो. नंतर दार उघडणं कमी होत जातं, कारण प्रत्येक वेळी आरसा बोटात येईल अशी धास्ती असते. शिवाय उघडणाऱ्या भागांमुळे फटी राहतात आणि स्वस्त गाडीत त्या फटी खऱ्या मोटारीच्या मानाने बोटभर रुंद भासतात. अलीकडे याच आकारात रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) बंद गाड्याही बऱ्याच येतात. बाहेरून त्या अतिशय देखण्या असतात, पण काहीच उघडत नसेल तर एवढी जागा का द्यायची, हे मला कळलेलं नाही. १:१८ घ्यायचीच असेल तर आयुष्यभरात वीस-पंचवीस घ्यायच्या असं मनाशी ठरवा.

आता १:४३. हा विचित्र आकडा आला आगगाडीकडून. ब्रिटिश ‘ओ’ गेजच्या, म्हणजे रुळांच्या एका ठरावीक मापाच्या, खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर असं प्रमाण होतं. फूट ३०४.८ मिलिमीटरचा, त्याला सातने भागलं की साडेत्रेचाळीस येतात. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने अशा रुळांच्या शेजारी ठेवायला गाड्या काढल्या आणि १९३४ पासून त्या डिंकी टॉइज म्हणून विकल्या जाऊ लागल्या. १९५६ मध्ये कॉर्गी या ब्रँडने गाड्यांना पारदर्शक खिडक्या बसवल्या आणि जाहिरातीत त्याचाच डांगोरा पिटला. तेव्हापासून या आकारात एवढं काम झालंय की जुन्या सेडानपासून शर्यतीच्या गाड्यांपर्यंत एखादा विषय धरून जमवायचा तर निवडीला इथे भरपूर वाव आहे. वायपर वेगळा दिसतो, नंबरप्लेट वाचता येते आणि चाळीस गाड्या एका काचेच्या कपाटात सुखाने नांदतात. माझं मत इथेच पडतं. खेळायचं असेल तर मात्र १:४३ घेऊ नका.

टिकण्याच्या बाबतीत स्केलपेक्षा माल महत्त्वाचा. डायकास्ट गाडी म्हणजे साच्यात दाबून ओतलेला जस्ताचा मिश्रधातू. त्यात शिशाचा अंश राहिला तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी अशाच गेल्या. याला उपाय नाही, म्हणून जुनी गाडी घेताना रंगाखाली भेगा किंवा फोड दिसतात का ते भिंगातून बघा. रेझिनला ही कीड लागत नाही, पण ते उन्हात वाकू शकतं आणि पडलं तर चटकन मोडतं.

मला फटका बसला तो टायरचा. मांडणीसाठीच्या प्लास्टिकच्या पायथ्याला स्क्रूने जखडलेली एक १:४३ गाडी मी आठ वर्षांनी सोडवली, तर प्लास्टिकमध्ये चार चकचकीत खळगे पडले होते आणि एक टायर तिथेच चिकटून राहिला. मऊ टायरमधलं रसायन झिरपून पायथ्याचं प्लास्टिक विरघळवतं. तेव्हापासून मी गाडीच्या पोटाखाली पातळ ठोकळा देऊन चाकं केसभर अधांतरी ठेवतो.

तरीही मन डळमळत असेल तर एकच गाडी तिन्ही आकारांत घ्या. मी बीटल घेतली होती आणि पंधरा दिवस टेबलावर ठेवली. माझा हात सारखा मधलीकडे जायचा. धाकट्या भावाने मात्र जाताना सर्वांत छोटी खिशात घातली, ती अजून परत आलेली नाही.